मसाल्याची पुडी आणि नावाची पाटी

फ्रँचायझी हा शब्द आता आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतही रुळला आहे. चहाची फ्रँचायझी, वडापावची फ्रँचायझी, आइस्क्रीमची, इतकंच काय, कपडे धुण्याचीसुद्धा. एस.टी. स्टँडसमोर पाटी लागते, उद्घाटनाला फुगे लागतात, आणि सहा महिन्यांनी कधी तिथं गर्दी दिसते तर कधी शटरला कुलूप. आमच्या गटांच्या कर्जाच्या मागणीतही हे कारण आता येऊ लागलं आहे. शेळी, शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र यांच्या जोडीला 'मुलाच्या फ्रँचायझीसाठी' असं लिहिलेला अर्ज येतो आणि बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघतात. शेळी दिसते, मशीन दिसतं. फ्रँचायझी दिसत नाही. मग एवढे पैसे देऊन नेमकं काय विकत घेतलं?

म्हणून मैत्रिणींनो, आज आम्ही एका फ्रँचायझीचा इतिहास सांगणार आहोत. ती अमेरिकेतली आहे आणि तळलेल्या कोंबडीची आहे. केंटकी फ्राइड चिकन, म्हणजेच केएफसी. ज्या माळकरी आहेत, ज्यांचा गुरुवार आहे, त्यांनी रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट कोंबडीची कमी आणि मसाल्याची जास्त आहे.

त्या दुकानाच्या पाटीवरचा पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला म्हातारा तुम्ही पाहिला असेल. त्याचं नाव हार्लंड सँडर्स. त्याची एक गोष्ट मोबाईलवर फिरत असते आणि उद्योजकता प्रशिक्षणातही हमखास सांगतात. पासष्टाव्या वर्षी तो कफल्लक झाला, हातात १०५ डॉलरची पेन्शन आली, १००९ जणांनी त्याला नकार दिला, पुढच्याने होकार दिला आणि तो कोट्यधीश झाला. तात्पर्य, जिद्द सोडू नका. यातली १०५ डॉलरची महिन्याची पेन्शन खरी आहे. १००९ नकार ही दंतकथा आहे. आणि पहिला होकार त्याला त्या पेन्शनच्या चार वर्षं आधीच मिळाला होता. आम्हाला या गोष्टीचा खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. जिद्दीचं कौतुक करता करता व्यवहार कसा केला, हे सांगायचं राहूनच जातं. आणि आपल्या कामाचं तर तेच आहे.

सँडर्सचा जन्म १८९०चा, इंडियाना राज्यातला. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले. आई डबाबंद अन्नाच्या कारखान्यात कामाला जायची आणि धाकट्या भावंडांचं खाणंपिणं या थोरल्याकडे. स्वयंपाक तो तिथं शिकला. पुढे शाळा सुटली. शेतमजुरी, रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकण्याचं काम, विमा, टायर विकणं, असं पन्नास ठिकाणी हात घालून तो १९३०मध्ये केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावी पेट्रोल पंप चालवायला आला. गाव हमरस्त्यावर होतं. गाडीत तेल भरायला थांबलेले लोक विचारायचे, इथं जेवायला कुठं मिळेल? पंपाच्या मागे राहायची खोली होती, तिथं घरचं जेवणाचं टेबल होतं. त्यावरच त्याने पाव्हण्यांना वाढायला सुरुवात केली. खाणावळ म्हणाल तर एवढीच.

ती वाढली. पंपासमोर मोठं हॉटेल झालं, आग लागून जळालं, १९४०मध्ये पुन्हा उभं राहिलं. मधल्या काळात केंटकीच्या गव्हर्नरने त्याला 'कर्नल' ही पदवी दिली. ती लष्करातली नव्हे, त्या राज्यात मान्यवरांना मानाने देतात ती. आपल्याकडे गावात कुणाला सगळेच 'पाटील' म्हणायला लागतात, तसं समजा. फरक इतकाच की याला कागद होता, आणि त्याने तो आयुष्यभर मिरवला.

त्याची अडचण स्वयंपाकघरातली होती. कढईत कोंबडी नीट तळायला अर्धा तास लागायचा. गिऱ्हाईक घाईचं. आधी तळून ठेवावी तर उरलेली वाया. १९३९च्या सुमारास बाजारात प्रेशर कुकर आले होते. सँडर्सने त्यात फेरफार करून दाबाखाली तळायची रीत बसवली आणि वेळ दहा मिनिटांच्या आत आणला. (घरच्या कुकरमध्ये तेल घालून हा प्रयोग कुणीही करू नका. कुकर त्यासाठी बनवलेला नसतो. झाकण उडालं तर चेहरा भाजतो.) पुढच्याच वर्षी त्याचा अकरा जिनसांचा मसाला पक्का झाला. म्हणजे आता त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या, एक रीत आणि एक मसाला. दोन्ही त्याच्या स्वतःशिवाय दुसऱ्याच्या चुलीवर चालण्यासारख्या होत्या. सगळ्या हॉटेलांचं तसं नसतं. कित्येक खानावळींची चव त्या एका बाईच्या हातात असते, आणि तो हात काही पुडीत बांधून पाठवता येत नाही.

१९५२मध्ये ही चव पहिल्यांदा दुसऱ्याच्या हॉटेलात गेली. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत पीट हार्मन आणि त्याची बायको आर्लीन यांचं छोटं हॉटेल होतं. सँडर्स त्यांच्याकडे उतरला असता त्याने त्यांना स्वतः रांधून वाढलं. त्यांना पटलं. पाटी रंगवायला डॉन अँडरसन नावाचा रंगारी आला होता. त्याने नाव सुचवलं, केंटकी फ्राइड चिकन. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाव केंटकीचं, पण ते पहिल्यांदा लागलं ते केंटकीपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, आणि सुचलं ते पाटीवाल्याला. हार्मनच्या हॉटेलची विक्री वर्षभरात तिपटीवर गेली.

पुढे सरकारने नवा मोठा महामार्ग आखला आणि तो कॉर्बिन गावाला वळसा घालून जाणार असं ठरलं. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सँडर्सने १९५६मध्ये हॉटेल लिलावात ७५ हजार डॉलरला विकलं आणि ते देणी फेडण्यातच गेले. मग आली ती १०५ डॉलरची पेन्शन. पण एव्हाना त्याच्या हातात हार्मनसारख्यांशी केलेले व्यवहार होते. त्यालाच तो आता पूर्ण वेळ लागला. गाडीत कुकर आणि मसाला टाकायचा, गावोगावच्या हॉटेलांत जायचं, मालक आणि नोकरांना करून खायला घालायचं, पटलं तर हात मिळवायचा. रात्री कधी कधी झोपही गाडीतच.

आता ही बाजू बघा. तो रस्त्यावर असताना घरी मसाला कोण करत होतं? त्याची दुसरी बायको क्लॉडिया. ही आधी त्याच्याच हॉटेलात वाढपाचं काम करायची. १९४९मध्ये त्यांचं लग्न झालं. मसाला मापून मिसळायचा, पुड्या भरायच्या, पत्ते घालून रवाना करायच्या, हे काम तिच्याकडे होतं. हॉटेलवाल्याला मसाल्याची तयार पुडी मिळायची, कृती मिळायची नाही. सगळ्या धंद्याची किल्ली या एका गोष्टीत होती. पुडी आली नाही तर दुकानात ती चव नाही, आणि चव नाही तर पाटीला अर्थ नाही. पुढे कंपनी मोठी झाल्यावरही ही युक्ती टिकवली गेली. मसाल्याचा एक भाग एक कारखाना करतो, उरलेला दुसरा, म्हणजे पूर्ण कृती दोघांपैकी कुणालाच कळत नाही. आज तो पांढरा सूट आणि काळा टाय सगळ्या जगाला माहीत आहे. पुड्या बांधणाऱ्या बाईचं चित्र कुठल्याच डब्यावर नाही.

व्यवहाराच्या अटी मात्र सोप्या होत्या. हॉटेल तुमचं, जागा तुमची, नोकर तुमचे. आधी भरायची मोठी रक्कम नाही. विकलेल्या प्रत्येक कोंबडीमागे सँडर्सला ४ सेंट, पुढे ५ सेंट. म्हणजे वीस कोंबड्या विकल्या तर एक डॉलर. मोजायचं त्यांनीच, सांगायचं त्यांनीच. दुकान चाललं तरच त्याला पैसे मिळणार, नाही चाललं तर नाही. म्हणून दुकान चालावं ही त्याचीही गरज होती. कुणी मसाला नीट लावत नसेल, तेल जुनं वापरत असेल तर तो तिथं जाऊन भांडायचा. भांडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणतात.

दुसऱ्याला आपलं नाव आणि रीत देऊन धंदा वाढवायची ही युक्ती सँडर्सने काढली असं नाही. त्याच्या आधीची एक बाई आम्हाला फार आवडते. मार्था मटिल्डा हार्पर. कॅनडातल्या गरीब घरातली. सातव्या वर्षी तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवलं आणि पंचवीस वर्षं तिने घरकामच केलं. साठवलेल्या पैशांतून १८८८मध्ये तिने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात बायकांचे केस धुण्याचं, निगा राखण्याचं दुकान उघडलं. तिचे स्वतःचे केस जमिनीला टेकायचे, तीच तिची जाहिरात. १८९१पासून ती दुसऱ्या गावांतल्या बायकांना आपल्या नावाने दुकानं काढून देऊ लागली, आणि बायका निवडताना ती मुद्दाम घरकाम करणाऱ्या, कष्टकरी बायका निवडायची. त्यांना शिकवायची, तेल-साबण तिचं वापरायला लावायची. भरभराटीच्या काळात अशी सुमारे ५०० दुकानं होती. कर्नलच्या साठ वर्षं आधी! ब्यूटी पार्लरवाल्या मैत्रिणींनी हे नाव लिहून ठेवावं.

असो. कर्नलचा धंदा वाढला तो एकट्या कर्नलमुळे नाही. पाटी घेणाऱ्यांनी त्यात पुष्कळ भर घातली. सुरुवातीला चिकन हा हॉटेलच्या इतर पदार्थांतला एक पदार्थ होता. हार्मनने १९५७मध्ये कागदी बादलीत घरच्या सगळ्यांपुरतं चिकन भरून विकायला काढलं. दिवसभर राबून आलेली बाई रात्री ती बादली घेऊन घरी जायची आणि चूल पेटवायची नाही. ओहायो राज्यात चार दुकानं बुडीत चालली होती. तिथं डेव्ह थॉमस नावाचा तरुण आला. त्याने पदार्थांची लांबलचक यादी छाटली आणि थोडक्याच गोष्टी नीट करून दुकानं वर काढली. पुढे आपला हिस्सा विकून त्याने १९६९मध्ये स्वतःची 'वेंडीज' ही बर्गरची दुकानं काढली. दुसऱ्याच्या पाटीखाली शिकून स्वतःची पाटी लावणारा तो.

१९६४पर्यंत अमेरिका आणि कॅनडात मिळून सहाशेवर दुकानं झाली होती. सँडर्स ७३ वर्षांचा होता. घरून पुड्या पाठवून आता हे आवरणारं नव्हतं. त्याने धंदा जॉन ब्राउन आणि जॅक मॅसी या दोघांना २० लाख डॉलरला विकला. कॅनडा स्वतःकडे ठेवला, वर आयुष्यभराचा पगार ठरवून घेतला, त्या बदल्यात चेहरा आणि नाव त्यांचं. सात वर्षांनी, १९७१मध्ये, त्या दोघांची कंपनी ह्यूब्लाइन नावाच्या मोठ्या कंपनीने घेतली ती साडेअठ्ठावीस कोटी डॉलरला. हिशेब तुम्हीच करा.

पैशाचं दुःख त्याने फारसं केलं नाही. दुःख होतं चवीचं. नव्या मालकांनी चिकनसोबतच्या रश्श्याची रीत स्वस्त आणि झटपट करून टाकली. म्हातारा चिडला. भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखा लागतो हा रस्सा, असं तो वर्तमानपत्रवाल्यांना सांगू लागला. पाटीवर ज्याचं चित्र, तोच दुकानाची निंदा करतोय! शेवटी एका गावच्या दुकानदार कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९७८मध्ये केंटकीच्या वरच्या कोर्टाने तो फेटाळला. त्याच्या आधी क्लॉडियाच्या नावाचंही भांडण झालं. शेल्बीव्हिल गावी नवरा-बायकोंनी १९६८मध्ये वेगळं हॉटेल काढलं, आणि त्याच्या नावाला कंपनीने हरकत घेतली, कारण 'कर्नल' हा शब्द आता कंपनीचा होता. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि हॉटेलला नाव राहिलं 'क्लॉडिया सँडर्स डिनर हाउस'. इतकी वर्षं पुड्या बांधणारीचं नाव पाटीवर आलं ते असं.

१९८०मध्ये, नव्वदाव्या वर्षी, सँडर्स वारला. केएफसी आपल्या देशात १९९५मध्ये बंगळुरूला आली, तेव्हा कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेने तिला जोरदार विरोध केला होता. पुढे ती शहरोशहरी पसरली. इथली बहुतेक दुकानं देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स अशा भारतीय कंपन्यांनी चालवून वाढवली आहेत. म्हणजे फ्रँचायझी घेणारे आता पीट आणि आर्लीनसारखे नवरा-बायको नाहीत, शेअर बाजारातल्या कंपन्या आहेत.

आता आमच्या त्या कर्जाच्या अर्जाकडे येतो, कारण त्याला जवळची गोष्ट कर्नलची नाहीच. ती मिनी पर्लची आहे. कर्नलची भरभराट बघून १९६०च्या दशकात अमेरिकेत चिकनच्या दुकानांची लाटच आली. नॅशव्हिल शहरातल्या दोघा भावांनी मिनी पर्ल या विनोदी नटीचं नाव घेऊन तशीच दुकानं काढायचं जाहीर केलं. नटी लोकप्रिय, लोकांनी फ्रँचायझी घ्यायला रांगा लावल्या, शेअरचे भाव चढले. पण कंपनीची मुख्य कमाई चिकनची नव्हती. दुकान काढायचा हक्क विकून मिळणारी रक्कम हीच कमाई म्हणून वहीत दाखवली जात होती, मग ते दुकान उघडो न उघडो. विकलेल्या हक्कांपैकी थोडीच दुकानं प्रत्यक्षात आली. त्यांतही प्रत्येक ठिकाणी चव निराळी, कारण कर्नलसारखी बसवलेली रीतच नव्हती. सरकारने हिशेब तपासायला घेतले, शेअर कोसळले आणि १९७०च्या आगेमागे सगळं संपलं. बिचाऱ्या नटीचं नाव मात्र खराब झालं.

कर्नल आणि या भावांमधला फरक एका वाक्यात सांगता येतो. दुकान चाललं तर कर्नलला पैसे मिळायचे, दुकान विकलं की भावांना पैसे मिळायचे. तुमच्या मुलासमोर जो कागद ठेवला जाईल, तो यांपैकी कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा. आमच्याकडे आलेल्या एका अर्जातल्या करारात पाच लाख आधी भरायचे होते, परत न मिळण्याच्या अटीवर. चहाची पावडर, कप, साखरेच्या पुड्यासुद्धा त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावाने. दुसरं दुकान त्याच रस्त्यावर देणार नाही असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. असं दुकान बंद पडलं तरी देणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते मुलाचं, आणि गटाचं. त्या ताईंना आम्ही इतकंच म्हटलं की त्याच पाटीची दुसऱ्या तालुक्यातली तीन दुकानं स्वतः जाऊन बघा, आणि मालक नसताना नोकराला विचारा दिवसाला किती कप जातात. त्या गेल्या. तीनपैकी दोन सापडली. अर्ज त्यांनीच मागे घेतला.

अमेरिकेत १९७९पासून नियम आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधी सगळी माहिती लेखी द्यायची. धंद्यावर खटले किती, खर्च किती, बंद पडलेली दुकानं किती, सगळं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२चा करार कायदा आहे, म्हणजे सही केलेला कागद हाच तुमचा कायदा. म्हणून तो घरी आणून, मराठीत कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही नको.

राहिला प्रश्न आपल्या मसाल्याचा. शेजारच्या तालुक्यातल्या दोन गटांनी विचारलं आहे की आपल्या कांदा-लसूण मसाल्याचं नाव त्यांना वापरू द्याल का. यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, कर्नलसारखं करू. मसाला आपण कांडायचा, पुडी त्यांना द्यायची, किलोमागे ठरावीक रक्कम घ्यायची. त्यात चव सांभाळली जाते, पण त्या गटाच्या बाया आपल्या गिऱ्हाईक होतात, सोबतीण होत नाहीत.

दुसरी वाट मुंबईतल्या सात बायकांनी दाखवली आहे. १९५९मध्ये गिरगावात, गच्चीवर, ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला घेतले. त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथंही चव एकच राहते, कारण कच्चा माल एका ठिकाणाहून येतो, पीठ शाखेत मळलं जातं आणि बायका ते घरी नेऊन लाटतात. १९६८मध्ये गुजरातेतल्या वालोडला शाखा निघाली, ती कुणी हक्क विकत घेऊन काढलेली नव्हती. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण, नफ्यात आणि तोट्यातही. आज तिथं ४५ हजारांच्या आसपास बहिणी आहेत. पण या वाटेने गेलं तर शेजारच्या गटाचा तोटाही आपल्या वहीत येणार, हे लक्षात घ्या. एका ताईंनी मागच्या बैठकीत विचारलं की त्यांच्या मिरचीला बुरशी आली तर आमच्या नफ्यातून का कापायचं? प्रश्न चुकीचा नाही.

तिसरी एक गोष्ट दोन्ही वाटांना लागेल, ती म्हणजे नावाची नोंदणी. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नाव नोंदवता येतं आणि संघाच्या सगळ्या सभासदांसाठी मिळून सामूहिक चिन्हही घेता येतं. नोंदणी संघाच्या नावाने करायची, कुणा एका अध्यक्षाच्या किंवा पॅकिंगवाल्याच्या नावाने नाही. मसुदा तयार आहे. सगळ्या ग्रामसंघांच्या दप्तरात त्याची एकेक प्रत ठेवली आहे, मसाल्याच्या मापाचा कागद सोडून. तो कपाटात आहे, आणि किल्ल्या दोघींकडे आहेत.